भाकरी तुमची, कालवण आमचं

आमच्याकडे जेवायला येणारी माणसं मी तोंडावरून ओळखत नव्हते, भाकरीवरून ओळखत होते. ती पुढच्या खोलीत बसायची आणि मी मागच्या खोलीत चुलीपाशी. मधे गोणपाटाचा पडदा. त्यांच्या भाकऱ्या पडद्याच्या कडेने आत यायच्या, मी त्या तव्यावर शेकायचे आणि परत बाहेर पाठवायचे. एका वेळी तव्यापाशी सात-आठ घरच्या भाकऱ्या असत, पण एकाची दुसऱ्याला गेली असं माझ्या हातून कधी झालं नाही.

भोरात एस.टी. स्टँडकडून बाजारपेठेकडे जाताना मधे एक अरुंद गल्ली लागायची, तिथं आमचं घर. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी त्या गल्लीत आले. माझं माहेर वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. वाडीपासून वेल्ह्याच्या शाळेत चालत जाऊन मी चौथी झाले होते. त्यापुढे शाळा सुटली ती सुटलीच.

सासरी पुढची खोली म्हणजे खाणावळ. पण खाणावळ म्हणायला तिला पाटी नव्हती की बाकडी नव्हती. जमिनीवर पोती अंथरलेली असायची. माझ्या सासूबाई ती चालवायच्या. मी त्यांना आत्या म्हणायचे आणि बाजाराला येणारी माणसंही त्यांना आत्याच म्हणायची. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या गावांमधून माणसं भोरला उतरायची. कुणी हिरडा विकायला, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी मामलेदार कचेरीत उताऱ्यासाठी. सगळ्यांजवळ फडक्यात बांधलेली घरची भाकरी असायची. घरात पीठ असताना बाहेरची भाकरी विकत घ्यायची हे त्या माणसांना पटायचं नाही. पण कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, म्हणून कालवण तेवढं आमच्याकडचं घ्यायचं. हुलग्याचं, पावट्याचं, कधी सुकटीचं. आत्या दारातच विचारायच्या, "भाकरी हाय न्हवं?" हाय म्हटलं की आत या. नाही म्हटलं तर आत्या तोंड वाकडं करून म्हणायच्या, "बायको भांडली जनू," आणि मग मला भाकरी थापावी लागायची.

भाकरीवरून खूप काही कळायचं. नाचणीची काळसर भाकरी, वरईची भुरी, तांदळाची पांढरी, ती कुठल्या खोऱ्यातली ते बघताच समजायचं. एका घरची भाकरी नेहमी कडेला करपलेली असायची. एका घरच्या भाकरीत मीठ फार. एक म्हातारा यायचा, त्याची भाकरी एकदा अचानक जाडजूड आणि वाकडीतिकडी आली. मी आत्यांना हळूच म्हणाले की यांच्या घरी भाकरी करणारं माणूस बदललंय. आत्यांनी बाहेर जाऊन विचारलं तर त्याची बायको आठ दिवसांमागे गेली होती आणि तो स्वतः थापत होता. त्या दिवशी आत्यांनी त्याला दोनदा कालवण वाढलं आणि त्याच्याशी भांडल्यासारखं बोलत राहिल्या. तसं बोलणं ही त्यांची माया होती.

जुनं सगळंच चांगलं होतं असं मात्र मी लिहिणार नाही. बौद्धवाड्यातली माणसं आली तर आत्या त्यांना ओट्यावर बसवायच्या, कालवण वरून वाढायच्या आणि त्यांची भाकरी आमच्या तव्यावर घ्यायच्या नाहीत. ती माणसं गार भाकरी खायची. मी पडद्याआडून बघायचे आणि काही बोलायचे नाही. तेव्हा ते मला खटकायचं असंही नाही. ते खटकायला फार वर्षं लागली.

आता आबांचं. आबा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही. आबा ही रीत कडक पाळायचे. लग्नानंतर पहिल्यांदा ते तूप विकायला बाजाराला आले तेव्हा आमच्या घरासमोर रस्त्यावरच उभे राहिले, डोक्यावर मडकं तसंच. आत्या दारात गेल्या.

"इवाई, आत या की."

"न्हाई. हितंच बरं हाय."

"आन् भाकरी काय उन्हात उभं ऱ्हाऊन खाणार? गल्ली म्हणंल, इहिणीनं तोंडावर दार लावलं."

"लेकीच्या घरचं चालत न्हाई मला. तुमाला ठावं हाय."

"घरचं कोन देतंय तुमाला? ही खाणावळ हाय. घर त्या पडद्याच्या पलीकडं. भाकरी तुमची, कालवण आमचं, आन् समदी टाकत्यात तसं कालवणाचं पैसं टाका. फुकाट न्हाई मिळायचं."

आबांनी थोडा विचार केला. मडकं उतरवलं, पायताणं काढली आणि वाकून आत आले. पोत्यावर बसले, इतर माणसांच्या ओळीत, भिंतीकडे तोंड करून. त्यांची भाकरी पडद्याच्या कडेने आत आली ती माझ्या आईच्या हातची होती. आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट विळ्याने अर्धं गेलेलं. त्यामुळे तिने थापलेल्या भाकरीवर एक बोट नेहमी आखूड उमटायचं. मी ती भाकरी तव्यावर टाकायला जरा उशीर केला.

तेव्हापासून पावसाळा सोडला तर दर पंधरवड्याला आबा यायचे. पहाटे वाडीतून निघायचे, खिंड चालत ओलांडायची, पुढे एस.टी. मिळाली तर ठीक. आई चार भाकऱ्या बांधून द्यायची. आबा तीन खायचे. चौथी आत राहायची. ते मागायचे नाहीत आणि मी बाहेर पाठवायचे नाही. यावर आम्ही कधी काही बोललो नाही. आत्यांना सगळं दिसत होतं. त्या फक्त म्हणायच्या, "तुझ्या आईला भाकऱ्या मोजाया येत न्हाईत वाटतं."

जेवण झालं की आबा बोळातून वळसा घालून आमच्या मागच्या दाराशी यायचे. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे.

"बरी हायस?"

"व्हय."

"आईनं इचारलंय."

"बरी हाय म्हनावं."

एवढंच. मला बोलता यायचं नाही आणि त्यांनाही. पण पडद्याच्या पलीकडून त्यांचा घास चावण्याचा आवाज, कालवण भुरकण्याचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा. बाप माझ्या घरात जेवतोय आणि जेवतही नाहीये, असं ते होतं. पुढच्या खोलीत बसलेल्या कुणालाही ते माझे वडील आहेत हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गिऱ्हाइकासारखं यायचं, गिऱ्हाइकासारखं उठायचं. त्याशिवाय त्यांना बसता आलंच नसतं.

मला मूल व्हायला चौदा वर्षं लागली. त्यातली बारा वर्षं हे असंच चाललं. गल्लीतल्या बाया काय बोलायच्या ते लिहीत नाही. आबांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही. उठताना वाटीखाली पैसे ठेवायचे. ते ठेवले की मला कळायचं, आणखी एक पंधरवडा तसाच गेला.

दुष्काळात सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच रंगाच्या झाल्या. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या. तेव्हा मात्र मला कुणाची कोणती ते ओळखायला कष्ट पडायचे. आईने त्या वर्षीही चारच पाठवल्या. फक्त सगळ्याच लहान होत्या. दुष्काळ सरला त्या साली आत्या गेल्या. ताप आला, आठ दिवस अंथरुणावर होत्या. शेवटपर्यंत पडद्यापलीकडे कोण आलंय ते विचारत होत्या.

आत्या गेल्या आणि साधारण तेव्हाच गल्ली बदलायला लागली. खरं तर आधीपासून बदलत होती, पण आत्या होत्या तोवर आमच्या घराला ते शिवलं नव्हतं. रस्त्यावर डांबर पडलं. खांबांवर ट्यूबलाइट आल्या. धरणांच्या कामावरचे साहेब लोक, कचेऱ्यांमधले नवे अधिकारी, बँकेतले, शाळेतले, असे पगारी लोक भोरात भाड्याने राहायला आले. शनिवारी-रविवारी पुण्याहून मोटारी यायच्या, धरण बघायला, रायरेश्वराकडे जायला. आमच्या समोर घोंगड्यांचं दुकान होतं, तिथं फोटो स्टुडिओ आला. दावी-कासरे विकणाऱ्याची जागा रेडिओवाल्याने घेतली. कोपऱ्यावर लोहाराची भट्टी होती. लोहाराला घरमालकाने उठवलं आणि तिथं दोन मजली लॉज बांधलं. लोहार भाता घेऊन नदीपलीकडे गेला. त्याच्या बायकोने जाताना मला एक उलथनं दिलं. म्हणाली, "आता तुमच्या गल्लीत आमचा ठोका समद्यांना नको झालाय."

पूर्वी दिवेलागणीला गल्ली मिटायची. आता तेव्हाच उघडायची. लॉजच्या खाली कोल्ड्रिंक हाऊस निघालं, त्याच्या तिन्ही भिंतींना आरसे. तिथं फालुदा मिळायचा, उंच काचेच्या पेल्यात. रेकॉर्डवर गाणी लागायची. साहेबांच्या बायका केसांत गजरे माळून नवऱ्यांबरोबर फिरायला यायच्या, पेला हातात धरून हसायच्या. लॉजच्या वरच्या मजल्यावर पुरुषमाणसं बसायची, तिथं काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. गल्लीतल्या जुन्या बाया नावं ठेवायच्या. मी ठेवली नाहीत. मला ते आवडायचं. पडदा जरासा बाजूला करून मी तो उजेड बघत बसायचे. आपल्या चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या भिंतीकडे बघितलं की मला लाज वाटायची.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तोवर भाताच्या गिरणीत होते. आत्या गेल्यावर त्यांनी गिरणी सोडली. ते वाईट माणूस नव्हते. एका संध्याकाळी समोरचा उजेड बघत मला म्हणाले, "पोत्यावर बसाया साहेब लोक येतील का? तूच सांग."

मलाही तेच वाटत होतं.

मग भिंतींना निळा रंग आला. सनमायकाची चार टेबलं, लोखंडी खुर्च्या, एक मोठा आरसा. स्टोव्ह आला, आणि खणांची स्टीलची ताटं. राइसप्लेट हा शब्द मी तेव्हा शिकले. पुण्यातल्या हॉटेलात काम केलेला एक पोक्त वाढपी मालकांनी आणला. कामाला चोख माणूस. खांद्यावर फडकं, बोलणं तोडून. गोणपाटाच्या जागी फुलाफुलांचा छापील पडदा लागला. कापड मीच निवडलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मामलेदार कचेरीतले एक कारकून जेवायला आले. बौद्ध समाजातले, कामथडीकडचे. खुर्चीवर बसले, आरशात बघून केस नीट केले आणि मालकांना म्हणाले, "लहानपणी वडिलांबरोबर तुमच्या ओट्यावर बसून मी जेवलोय. आत कसं दिसतं ते आज बघितलं." मालक नुसते हसले. मी आतून त्यांच्या ताटात जास्तीचा पापड ठेवला. तेवढंच मला सुचलं. टेबलं आली हे त्या कारकुनांच्या दृष्टीने चांगलंच झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण डोंगरातली माणसंही येत राहिली. सवयीने यायची, खुर्चीवर अवघडून बसायची आणि टेबलावर फडकं सोडायची. शेजारच्या टेबलावर साहेब. एकदा एका साहेबांच्या बायकोने नाकाला पदर लावला. मालक म्हणाले, "हे बंद करावं लागंल. तोंडानं सांगितलं तर रागावत्यात. पाटी लावू. तुझं अक्षर चांगलं हाय, तूच ल्हिव."

माझं अक्षर खरंच चांगलं होतं. शाळेत गुरुजी माझी पाटी इतरांना दाखवायचे. त्यानंतर इतक्या वर्षांत कुणी मला लिहायला सांगितलं नव्हतं. मी आधी जमिनीवर खडूने लिहून बघितलं. मग काळ्या फळीवर पांढऱ्या रंगाने, ओळ आखून, सावकाश लिहिलं: बाहेरील भाकरी आणून येथे बसू नये. बाहेरील हा शब्द मला शोभेचा वाटला. मालकांनी पाटी आरशाशेजारी लावली. त्या दिवशी मी उगाच दोन-तीनदा पडदा सारून ती बघितली.

आबा मला आठवले नाहीत असं नाही. पाटी लावताना मी विचारलंही, "आबा येतील तवा?"

"त्यांना कोण उठवतंय? ते घरचंच," मालक म्हणाले.

मलाही ते पटलं. वाढप्याला ते सांगून ठेवायला हवं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं आबा कोण ते कुणाला सांगायची रीतच नव्हती, ती तशीच अंगवळणी पडली होती.

पावसाळ्यात खिंडीची वाट बंद असायची. त्यामुळे आबा एकदम भादव्यात आले. दुपारची वेळ होती, चारही टेबलं भरत आली होती. मालक मंडईत गेले होते. माझे हात पिठात होते. पडद्याखालून मला त्यांचे पाय दिसले. चिखल दगडावर घासून काढलेला, तरी बोटांच्या बेचक्यांत राहिलेला. ते दारात थांबले, पोती शोधत असावेत. मग भिंतीकडची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. फडक्याची गाठ सोडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला, का मला तसं वाटलं कुणास ठाऊक.

वाढपी तिकडे गेला.

"ओ म्हातारबा, ही भाकर फडक्यात ठेवा. हितं चालत न्हाई."

"कालवण पाहिजे एक," आबा म्हणाले.

"कालवण बिलवण न्हाई. राइसप्लेट घ्या, न्हाईतर खुर्ची मोकळी करा. पाटी लावलीय, दिसत न्हाई का?"

"वाचाया येत न्हाई मला. काय ल्हिवलंय?"

वाढप्याने माझं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. कुणीतरी हसलं.

"कुणी ल्हिवलंय?"

"मालकीणबाईंनी. त्यांच्या हातचं हाय."

मी पडद्यापाशी येऊन उभी होते. पिठाचा हात पडद्याला लागला होता. एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी झालं असतं. आबा एवढंच म्हटलं असतं तरी झालं असतं. पण बारा वर्षांत गिऱ्हाईक बसलेलं असताना मी त्या पडद्याबाहेर कधी गेले नव्हते, आणि बाहेर बँकेतले लोक होते, कचेरीतले होते. आणि आबांनाही लोकांसमोर माझे वडील म्हणून बसायचं नव्हतं, हेही मनात आलं. असं सगळं एकदम मनात येतं आणि माणूस जागच्या जागी राहतं.

आबा म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

मग फडकं बांधलं. "ल्हिवलंय तर उटाय पायजे," असं त्या वाढप्यालाच समजावल्यासारखं म्हणाले, आणि त्यांचे पाय दाराकडे गेले.

मी हात न धुता मागच्या दाराला धावले. बोळातून वळसा घालून ते येतील असं वाटलं. तिथं उभी राहिले. स्टोव्हवर भात करपल्याचा वास आला तरी उभी राहिले. ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बांगड्या विकणारी एक बाई आमच्याकडे यायची तिने सांगितलं, "तुझ्या वाडीकडचं ते तूपवालं म्हातारं काल स्टँडवर नळापाशी बसून भाकर खात हुतं. नळाचंच पाणी घेऊन." ते माझे वडील आहेत हे तिलाही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मालक आले तेव्हा वाढप्यावर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मला कुणी सांगितलं? आन् बाई आत हुत्या की. त्यांनी तरी हाक मारायची." मालक माझ्याकडे बघत राहिले. त्याचं म्हणणं खरं होतं.

मालक स्वतः वाडीला जाऊन आले. आबांनी त्यांना मान दिला, गूळपाणी दिलं. म्हणाले, "म्या रागावलो न्हाई, पाव्हणं. पाटी सगळ्यांस्नी हाय. माझ्या एकट्यासाठी वायली रीत कशाला?" आबा रागावले नव्हते, हे खरंच होतं. रागावले असते तर समजूत काढता आली असती.

पुढे ते बाजाराला येत राहिले. पण गल्लीत पुढून नाही. बोळातून मागच्या दाराला यायचे, फडक्यातून एक भाकरी काढून माझ्या हातात द्यायचे.

"बरी हायस?"

"व्हय. आबा, जेवलात?"

"व्हय तर. स्टँडवर."

आतलं घर, तिथं त्यांना खाता येत नव्हतं. बाहेर हॉटेल, तिथं त्यांची भाकरी चालत नव्हती. या दोहोंच्या मधली पोत्याएवढी जी जागा आत्यांनी त्यांना शोधून दिली होती ती मी माझ्या अक्षराने बंद केली होती. पाटी काढा असं मी मालकांना म्हणाले का? नाही म्हणाले. ते स्वतःहून म्हणाले होते, काढू का म्हणून. मी म्हटलं, राहू दे, आता लोकांना सवय झालीय. हॉटेल चाललं होतं. दिवाळीला मला नायलॉनची साडी आली होती. संध्याकाळी साहेबांच्या बायका आमच्याकडेही यायला लागल्या होत्या, आणि त्यातली एक मला वहिनी म्हणायची.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं. बाराव्या दिवशी आबांनी तिला मांडीवर घेतलं आणि आईला म्हणाले, "आता हिच्या आईकडं जेवाया जाईन म्या." आई हसली. एवढी वर्षं मनात धरून ठेवलेलं होतं ते.

मला सासरी पोचवायला आबा आले तेव्हा मालकांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. आबांना आत, चुलीपाशी जेवायला बसवायचं असं माझ्या मनात होतं. पण मालक म्हणाले, "आत न्हाई. बाहेर, सगळ्यांसमोर. मधल्या टेबलावर." त्यांना झालेलं भरून काढायचं होतं. मी आडवं आले नाही.

संध्याकाळ होती, ट्यूबलाइट नुकत्याच लागल्या होत्या. समोर गाणं सुरू झालं होतं. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, कारण टेबलावर ठेवावं का नाही ते त्यांना कळेना. खुर्चीच्या कडेवर बसले. वाढप्याने खणांचं ताट आणलं. वाट्या, पापड, शिरा, चमचा. आता त्याला सगळं माहीत होतं. वाकून म्हणाला, "आबा, काय पाहिजे ते सांगा." आबांनी चमचा उचलून बाजूला ठेवला आणि हाताने खायला लागले. हळू, आवाज न करता. प्रत्येक खणातलं सगळं संपवलं. शिरासुद्धा. वाढप्याने भात आणला तर ताटावर हात आडवा धरला. "न्हाई, बास."

मी लेकीला कडेवर घेऊन पडद्याबाहेर आले होते. गिऱ्हाइकांसमोर पहिल्यांदाच. काही माणसांनी वळून बघितलं आणि पुन्हा खायला लागली. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही.

जेवण झालं तरी आबा बसून होते. हात धुवायला कुठं जायचं ते त्यांनी आरशाकडे, दाराकडे, पडद्याकडे बघून शोधलं. दारात तीन-चार माणसं टेबल मोकळं व्हायची वाट बघत होती. आबांनी वाढप्याकडे बघितलं आणि विचारलं, "उटू का म्या?"

"आबा, बसा की," मी म्हटलं.

"बसलो की लई, बाय. लोकं खोळंबल्यात."

त्यांनी मुंडासं बांधलं, नातीच्या हातात एक रुपया ठेवला आणि शेवटची एस.टी. गाठायला गेले. त्यानंतर ते आमच्याकडे कधी जेवले नाहीत. रीत आता आड नव्हती. मी म्हणायचे, जेवून जा. ते म्हणायचे, "मागं जेवलो की," म्हणजे त्या संध्याकाळचं.

ते गेले त्या वर्षी मी पंधरा दिवस वाडीला होते. एका संध्याकाळी आई आणि मी चुलीपाशी बसलो होतो. आई म्हणाली, "तू त्यांना खुर्चीवर बसवून जेवू घातलंस, ते साऱ्या गावाला सांगितलं त्यांनी. कशा वाट्या हुत्या, कसा शिरा हुता. साहेबांच्या मांडीला मांडी लावून, म्हनायचे. लई दिवस सांगत हुते."



"आन् त्या राती अंधारात घरी आले," आई म्हणाली, "तर उंबऱ्यातूनच म्हनले, काय असंल ते वाढ, लई भूक लागलीया. म्या म्हनलं, लेकीकडं जेवून आलात न्हवं? तर म्हनले, जेवलो गं, पर तितं मागायचं कसं?"

आई सहज सांगत होती, थोडी हसत. तिला त्यात दुखण्यासारखं काही वाटत नव्हतं. चुलीतलं लाकूड विझत आलं होतं, मी ते पुढे सारलं आणि धूर झाला म्हणून डोळे पुसले.